मराठी वळणाचा ल आणि फोनमधली कुलूपबंद फाईल

अँड्रॉइड फोनवर मराठी मजकूर उघडला की बहुतेक वेळा ल आणि श ही दोन अक्षरं हिंदी वळणाची दिसतात. आपण शाळेत गिरवलेला ल दोन पाकळ्यांचा, छोट्या देठाने शिरोरेषेला टांगलेला. फोनवरच्या ल ला उजवीकडे पूर्ण उंचीचा उभा दंड असतो. कुणाला हा फरक किरकोळ वाटेल, मला तो कधीच वाटला नाही. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीची वर्णमाला प्रमाणित केली, त्यात या दोन्ही अक्षरांची मराठी वळणाची रूपं आहेत आणि पाठ्यपुस्तकातही मुलं तीच गिरवतात. माझी भाची पहिलीत आहे. पुस्तकात ती एक ल शिकते आणि माझ्या जुन्या फोनवर गोष्टी वाचताना दुसराच ल बघते. "मावशी, हा कुठला ल?" असं तिने विचारल्यावर मी हे काम हातात घेतलं.

मुळात दोष युनिकोडचा नाही. ल चा क्रमांक ०९३२ आणि श चा ०९३६, मराठी असो की हिंदी. क्रमांक अक्षराची ओळख सांगतो, त्याचं वळण फॉन्ट ठरवतो. अँड्रॉइडमध्ये देवनागरीसाठी नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट असतो आणि गंमत म्हणजे मराठी वळणाचे ल आणि श त्याच्या पोटात आहेतच. मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं, की फॉन्ट ती रूपं पुढे करतो. भाषा कळलीच नाही, तर दंडाचा ल.

मग फोनची भाषा मराठी करून टाकायची, असं कुणीही म्हणेल. ते खरंच आहे आणि बहुतेकांनी तेवढंच करावं. आमच्याकडे ते पुरलं नाही. भाची सेमी इंग्रजीत आहे, शाळेची अ‍ॅप्स इंग्रजीत, आणि तोच फोन माझे वडीलही वापरतात, त्यांना सेटिंग्ज इंग्रजीतच हव्या असतात. शिवाय ब्राउझर फोनच्या भाषेपेक्षा पानात लिहिलेल्या भाषेच्या खुणेकडे बघतो, आणि मराठी मजकुराच्या कितीतरी पानांवर ती खूण इंग्रजीची असते. तेव्हा फॉन्टचीच फाईल बदलायची असं ठरवलं. काही कंपन्यांच्या फोनवर सेटिंग्जमधूनच फॉन्ट बदलता येतो, तिथे पुढचा खटाटोप करण्याआधी ती सोय तपासून बघावी. माझ्याकडचा फोन म्हणजे पिक्सेल ६ए, त्यावर अँड्रॉइड १४, आणि त्यात अशी सोय नव्हती.

फॉन्टची फाईल सिस्टम विभाजनात, म्हणजे फोनच्या साठवणीतल्या अँड्रॉइडसाठी राखलेल्या भागात, फॉन्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये असते. कुठल्या लिपीला कुठली फाईल वापरायची याची यादी त्याच विभाजनातल्या एका एक्सएमएल फाईलमध्ये. नेहमीच्या फोनवर हे सगळं वाचता येतं, लिहिता येत नाही. हे कुलूप कसं आहे ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि त्यातलं बरंचसं वाचून मला त्याबद्दल आदरच वाटला.

कुलपं एकावर एक आहेत. पहिलं साधं: फोन सुरू होताना सिस्टम विभाजन फक्त वाचण्यापुरतंच जोडलं जातं. त्याखाली डीएम-व्हेरिटी. विभाजनाचे चार-चार किलोबाइटचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून येणारा ठशासारखा आकडा, काढलेला असतो, त्या हॅशांचे पुन्हा हॅश, असं करत करत शेवटी एकच हॅश उरतो. त्यावर कंपनीची डिजिटल सही असते. तुकडा वाचताना कर्नल, म्हणजे अँड्रॉइडचा गाभा, दर वेळी हिशेब पडताळतो. एक बाइट जरी बदलला असेल तरी हिशेब जुळत नाही आणि वाचणंच नाकारलं जातं. ही यंत्रणा अँड्रॉइड ४.४ मध्ये आली आणि ७.० पासून तिची अंमलबजावणी कडक झाली. फाईल बदलणं दूरच, विभाजन लिहिण्यायोग्य करून नुसतं जोडलं तरी फाईलप्रणाली शेवटच्या जोडणीची वेळ स्वतःच्या नोंदीत लिहिते, आणि तेवढ्यानेही हॅश चुकतो. कुणी चोरून सिस्टममध्ये काही घुसवलं तर फोनला ते कळावं, यासाठी ही सगळी व्यवस्था आहे. ज्या फोनवर आपले पैसे असतात त्या फोनवर ती तशीच राहिली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

म्हणूनच सगळ्यात आधी हे सांगते: रोजच्या व्यवहाराच्या फोनवर हे करू नये. सिस्टमची फाईल बदलायची तर आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम, त्याचं कुलूप उघडावं लागतं. बूटलोडर उघडलेला फोन गुगलच्या प्ले इंटेग्रिटी तपासणीत नापास होतो आणि त्यावर अवलंबून असलेली बँकांची, यूपीआयची अ‍ॅप्स चालायला नकार देतात. ती तपासणी चुकवण्याचे उपाय लोक शोधत असतात, मी त्या वाटेला गेले नाही. जुन्या फोनमधलं सिमकार्ड, बँकेची अ‍ॅप्स, कामाचा ईमेल, सगळं आधीच नव्या फोनवर नेलं होतं. जुन्यावर उरल्या होत्या गोष्टी, गाणी आणि वडिलांची वर्तमानपत्रं.

बूटलोडर उघडायचं काम तसं सरळ आहे. सेटिंग्जमध्ये बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स दिसू लागतात. तिथे ओईएम अनलॉकिंग आणि यूएसबी डीबगिंग सुरू करायचं. मग फोन फास्टबूट अवस्थेत, म्हणजे संगणकावरून आज्ञा घेणाऱ्या अवस्थेत, नेऊन संगणकाला जोडायचा आणि अनलॉकची आज्ञा द्यायची. पडद्यावर इशारा येतो, आवाजाच्या बटणाने पर्याय निवडायचा, पॉवरच्या बटणाने होकार द्यायचा, आणि फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. हे मुद्दाम तसं केलेलं आहे, नाहीतर चोराला फोन उघडून आतली माहिती वाचता आली असती. तेव्हा बॅकअप आधीच, आणि तो उघडून पाहिलेला असावा. यापुढे फोन सुरू होताना दर वेळी बूटलोडर उघडा असल्याची सूचना काही सेकंद दिसते. वडिलांना ते आधीच समजावून सांगितलं, म्हणजे ते घाबरणार नाहीत.

रूटसाठी, म्हणजे फोनवरच्या सर्वोच्च अधिकारासाठी, मॅजिस्क हे साधन वापरलं. तैवानच्या जॉन वू याने २०१६ मध्ये ते पहिल्यांदा आणलं. गुगलच्या संकेतस्थळावरून माझ्या फोनवर असलेल्याच आवृत्तीची फॅक्टरी इमेज, म्हणजे संपूर्ण सिस्टमची मूळ प्रत, उतरवली, तिच्यातली बूट इमेज, म्हणजे कर्नल असलेला भाग, काढून फोनवर ठेवली, मॅजिस्कच्या अ‍ॅपला ती दुरुस्त करायला सांगितलं आणि दुरुस्त झालेली इमेज फास्टबूटमधून फ्लॅश केली, म्हणजे फोनमध्ये लिहिली. आवृत्ती तंतोतंत तीच हवी, बिल्ड क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावा. मूळ, न बदललेली बूट इमेज संगणकावर वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवली. काही बिघडलं तर परत जायचा रस्ता तोच आहे.

आता रूट मिळालं. तेव्हा सिस्टम विभाजन लिहिण्यायोग्य करून फाईल बदलता येईल, असं जुन्या माहितीवरून कुणालाही वाटेल. दहा-बारा वर्षांपूर्वी तसंच करायचे. टर्मिनल उघडून रूट म्हणून आज्ञा दिली, तर उत्तर आलं की हे उपकरण फक्त वाचण्यासाठी आहे. अधिकार कमी पडत होता म्हणून हे घडलं नव्हतं. अँड्रॉइड १० पासून सिस्टम, व्हेंडर, प्रॉडक्ट ही विभाजनं 'सुपर' नावाच्या एका मोठ्या विभाजनात एकमेकांना खेटून बसवलेली असतात, मोकळी जागा जवळजवळ ठेवलेलीच नसते. त्यातही जागा वाचवण्यासाठी सारख्या मजकुराचे तुकडे एकदाच साठवून अनेक फाईलींमध्ये वाटून दिलेले असतात. अशा विभाजनात एका फाईलचा तुकडा बदलला तर तोच तुकडा वापरणारी भलतीच फाईल बिघडेल, म्हणून कर्नल ते लिहिण्यासाठी जोडूच देत नाही. काही फोनवर तर इरॉफ्स ही फाईलप्रणाली असते, तिच्यात लिहिण्याची सोयच नाही.

मॅजिस्कची खरी करामत इथे कामाला येते. ते सिस्टम विभाजनाला हात लावत नाही. तुमची बदललेली फाईल डेटा विभाजनात ठेवलेली असते, आणि फोन सुरू होताना मॅजिस्क ती मूळ फाईलच्या जागेवर जोडून देतं. पूर्वी पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली, तर त्या ओळीवर दुरुस्तीची चिठ्ठी डकवत, तसंच हे. वाचणाऱ्याला नवी ओळ दिसते, खालची छपाई तशीच असते, आणि चिठ्ठी काढली की मूळ पान परत. डीएम-व्हेरिटी खालच्या तुकड्यांचा हिशेब करतच राहते आणि तो जुळतच राहतो. सिस्टम विभाजनात थेट लिहायचा हट्ट धरणारे अजूनही आहेत, त्यासाठी विभाजनं उलगडून पुन्हा बांधायची साधनंही आहेत. फॉन्टसारख्या कामासाठी त्याची काहीच गरज नाही.

या सगळ्यात मला सर्वाधिक आनंद फॉन्टच्या कामाने दिला, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

पहिला विचार होता दुसराच एखादा मराठी वळणाचा फॉन्ट त्या नावाने बसवायचा. मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट आता बरेच आहेत. पण फोनच्या मेनूंची, बटणांची उंची नोटोच्या मापांना धरून आखलेली असते. दुसऱ्या फॉन्टच्या वेलांट्या आणि रफार वरून कापले जाण्याची भीती, खालचे उकारही. शिवाय सिस्टममधली फाईल व्हेरिएबल प्रकारची आहे, म्हणजे बारीक ते ठळक सगळ्या जाडी एकाच फाईलमध्ये. ते सगळं सांभाळायचं तर मूळ नोटोच घेऊन त्यात हवा तेवढाच बदल करणं उत्तम. नोटो हा एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याखाली आहे, बदल करायला आडकाठी नाही.

पायथॉनमधल्या फॉन्टटूल्स या साधनाने फाईल उलगडता येते. उलगडल्यावर जीसब नावाची सारणी बघायची, अक्षरांच्या जागी अक्षरं बसवण्याचे नियम तिच्यात असतात. देवनागरीसाठी तिथे लिपीच्या खुणा आहेत, जुनी 'देवा' आणि नवी 'देव२'. प्रत्येक खुणेखाली आधी एक मूलभूत नियमसंच, आणि त्यानंतर भाषावार वेगळे संच. मराठीचा संच 'एमएआर' या खुणेखाली, नेपाळीचा 'एनईपी' खाली. नेपाळीची झ ची आणि काही अंकांची वळणं वेगळी, तीही या फॉन्टने सांभाळली आहेत. मराठीच्या संचात स्थानिक रूपांचा नियम होता: ल आला की पाकळ्यांचा ल, श आला की मराठी श. कुणीतरी बसून, विचार करून हे रेखलं होतं. ते सापडलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

मग करायचं एवढंच होतं: मराठीचा संच मूलभूत संचाच्या जागी ठेवायचा. म्हणजे भाषा कळली नाही किंवा इंग्रजी सांगितली गेली, तरी मराठी वळण. हे 'देवा' आणि 'देव२' दोन्हीकडे करावं लागतं, कारण अक्षरांची जुळणी करणारं हार्फबझ आधी नवी खूण शोधतं आणि ती नसेल तरच जुनी बघतं.

पण हिंदीचं काय? माझे वडील हिंदी कविता आवडीने वाचतात. हिंदी मजकूर मराठी वळणात दिसावा हेही तितकंच चूक. म्हणून जुना मूलभूत संच फेकून न देता तो 'एचआयएन' या खुणेखाली हिंदीच्या नावाने नव्याने लावला. या खुणा वर्णक्रमानेच असाव्या लागतात, म्हणून हिंदी आधी, मग मराठी, मग नेपाळी. ज्या पानावर भाषा हिंदी अशी नीट लिहिलेली असेल तिथे आता हिंदी वळण येतं. काही मराठी संकेतस्थळं स्वतःच्या पानांवर हिंदीची खूण लावून बसली आहेत, तिथे अजूनही दंडाचा ल दिसतो. तो त्या पानांनी सुधारायचा प्रश्न आहे. त्यासाठी हिंदीची सोय काढून घेणं मला पटलं नाही.

फाईल फोनवर नेण्याआधी संगणकावरच पडताळणी केली. हार्फबझसोबत एचबी-व्ह्यू नावाचं छोटं साधन येतं, त्याला फॉन्ट, मजकूर आणि भाषा दिली की चित्र काढून दाखवतं. शाळा, लिंबू, शिल्लक, कल्पना, प्रश्न, पश्चिम, विश्वास, श्रावण असे शब्द निवडले, म्हणजे पूर्ण, अर्ध्या आणि जोडाक्षरातल्या रूपांची खात्री होते. सोबत दऱ्याखोऱ्या आणि साताऱ्याचे हेही ठेवले. र च्या या आडव्या रूपाशी आपला बदल संबंधित नव्हता, पण मराठी फॉन्टची परीक्षा त्याच्याशिवाय पुरी होत नाही. प्रत्येक शब्द भाषा न सांगता, मग मराठी सांगून, मग हिंदी सांगून असा तिन्ही प्रकारे बघितला.

मॉड्यूल, म्हणजे मॅजिस्कला द्यायचं बदलांचं गाठोडं, बांधणं अगदी सोपं. एक फोल्डर, त्यात ओळख सांगणारी मॉड्यूल.प्रॉप ही छोटी मजकूर फाईल, आणि शेजारी सिस्टम नावाचं फोल्डर, त्यात फॉन्ट्स, त्यात आपली फाईल. नाव मूळ फाईलचंच, एका अक्षराचाही फरक नको. मॅजिस्कच्या नेहमीच्या साच्यात झिप करून अ‍ॅपमधून बसवलं की परवानग्या तेच लावतं: मालक रूट, वाचायला सगळ्यांना मुभा. हाताने कॉपी करणाऱ्याने हे स्वतः तपासावं. अ‍ॅप्सना फॉन्टची फाईल वाचताच आली नाही तर मजकुराच्या जागी चौकोन दिसतील, किंवा फोन सुरूच होणार नाही.

फोन सुरू झाला नाही तर काय, हे रीस्टार्ट करण्याआधी माहीत असायला हवं. मॅजिस्कमध्ये त्याची सोय आहे: फोन सेफ मोडमध्ये सुरू केला की सगळी मॉड्यूल्स बंद होतात आणि पुढच्या वेळी फोन साधेपणाने उठतो. तेही जमलं नाही तर जपून ठेवलेली मूळ बूट इमेज फ्लॅश करायची, मग मॅजिस्कच नाही आणि मॉड्यूलही नाही. एक गोष्ट मात्र कधीही करू नये: बदललेली बूट इमेज फोनवर असताना बूटलोडर पुन्हा कुलूपबंद करणं. कुलूप लावताच सहीची तपासणी पुन्हा लागू होते, सही जुळत नाही, आणि फोन कायमचा गप्प बसण्याची वेळ येऊ शकते. आधी पूर्ण फॅक्टरी इमेज, फोन नीट सुरू झाल्याची खात्री, आणि मगच कुलूप.

रीस्टार्ट केल्यावर फोन उठला. ब्राउझरमध्ये मराठी पान उघडलं आणि पाकळ्यांचा ल समोर. इंग्रजी भाषेच्या फोनवर, इंग्रजीची खूण असलेल्या पानावर. पण काही अ‍ॅप्सच्या यादीत, बटणांवर जुनंच वळण होतं. त्याचं कारण त्या एक्सएमएल यादीत होतं. अँड्रॉइड देवनागरीसाठी एकाऐवजी दोन फाईली ठेवतं. एक ऐसपैस, मोठ्या मजकुरासाठी. दुसरी आटोपशीर, नावात यूआय असलेली, कमी उंचीच्या मेनू आणि बटणांसाठी. अ‍ॅपने वेगळं सांगितलं नाही तर अँड्रॉइड १४ वर आटोपशीर फाईलच वापरली जाते. अँड्रॉइड १५ साठी बांधलेल्या अ‍ॅप्सना मात्र ऐसपैस रूप आपोआप मिळतं. त्या आटोपशीर फाईलवरही हीच प्रक्रिया केली, तीही मॉड्यूलमध्ये ठेवली, आणि मग संदेशांत, संपर्कांच्या यादीत, गोष्टींच्या अ‍ॅपमध्ये सगळीकडे एकच ल दिसू लागला.

सगळीकडे म्हणजे जिथे सिस्टमचा फॉन्ट वापरला जातो तिथे. जी अ‍ॅप्स स्वतःचा फॉन्ट सोबत आणतात त्यांच्यावर या बदलाचा काही परिणाम नाही. वडिलांच्या दोन वर्तमानपत्रांपैकी एकाचं तसंच आहे. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधलेला असतो. चित्रातल्या मजकुराचा प्रश्नच नाही.

अद्ययावत करण्याबद्दल दोन शब्द. सिस्टम विभाजन मूळ स्थितीत असल्यामुळे ते अडचणीचं नाही, फक्त नवी बूट इमेज येते आणि तिच्यात मॅजिस्क नसतं. मी आधी मॅजिस्कमधून मूळ इमेज परत बसवते, अपडेट उतरवू देते, आणि रीस्टार्ट करण्याआधी मॅजिस्कलाच दुसऱ्या, रिकाम्या खणात बसायला सांगते. पिक्सेलमध्ये सिस्टमच्या दोन प्रती आलटून पालटून वापरल्या जातात, म्हणून हे जमतं. नव्या आवृत्तीत नोटोची फाईल बदलली आहे का हे मात्र दर वेळी बघावं लागतं. बदलली असेल तर आपली जुनी फाईल नव्या फॉन्टला झाकून बसते आणि त्यातल्या सुधारणा आपल्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून बदल करणारी पायथॉनची छोटी स्क्रिप्ट ठेवली आहे. नवी फाईल फोनमधून काढायची, तिच्यावर स्क्रिप्ट चालवायची, तेच शब्द तिन्ही प्रकारे पडताळायचे आणि मॉड्यूल नव्याने बांधायचं. नोटोचा सेरिफ देवनागरी फॉन्टही त्याच फोल्डरमध्ये आहे, काही वाचनाची अ‍ॅप्स तो वापरतात. पुढचं काम त्याचं.